मुरूम लागण्याआधी थांबा : मृद व जलसंधारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,



पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजे आमच्या मामा तलावांच्या, पुनरुज्जीवनाबद्दल हे पत्र लिहीत आहे. नोकरीची सारी वर्षे मी मृदा सर्वेक्षणात काढली. खड्डे खणायचे, थर मोजायचे, माती चिमटीत धरून तिची जात ओळखायची, एवढेच माझे काम. त्याच अनुभवावर एक मागणी करतो. ज्या तलावाच्या तळाची माती कोणी पाहिलेली नाही आणि ज्याचे पाणी कुठून येते, कुठे जाते हे कोणी मोजलेले नाही, त्या तलावात पोकलेन उतरवू देऊ नका.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे जवळपास सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने आणि इतर गावकऱ्यांनी ते बांधले, पुढे मालगुजारांनी सांभाळले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. आज त्यांतले बहुतेक लहान तलाव जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहेत. धानाला शेवटचे पाणी, गुरांना उन्हाळ्याचे पाणी, ढिवरांना मासळी आणि सारसाला चारा, हे सगळे या तलावांवर चालत आले. महाराष्ट्रात सारस टिकला तो इथेच, तलावाच्या काठच्या उथळ पाण्यात आणि धानाच्या बांध्यांत.

हे तलाव गाळाने उथळ झाले आहेत, यावर वाद नाही. पाळी खचल्या आहेत, पाणी सोडायचे तुडुम गळतात, जादा पाणी वाहून जायच्या सलंगी फुटल्या आहेत. सरकारने लक्ष घातले याचे गावाला बरेच वाटते. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली, गाळ शेतात गेला, बऱ्याच शेतकऱ्यांच्या हलक्या जमिनी सुधारल्या. योजनेच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मोजमापाबद्दल. आजचे अंदाजपत्रक घनमीटरात बोलते. किती माती निघाली त्यावर बिल निघते. काय निघाले, गाळ की तलावाचा तळ, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

हा फरक आमच्या भागात जीवघेणा का आहे, ते सांगतो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणावर वसला आहे. तिथली काळी माती ओली झाली की फुगते आणि स्वतःच भेगा बुजवते. वैनगंगेच्या खोऱ्यातला आमचा भाग तसा नाही. इथे खाली जुना स्फटिकी खडक, त्याच्या झिजेतून झालेला तांबूस-पिवळा मुरूम आणि वर हलकी माती आहे. आमच्या शेतकऱ्याने जमिनीला दिलेली नावेच पाहा : कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी, रेतारी. यांतली कन्हार तेवढी पाणी धरणारी, भारी. बरडी आणि रेतारीत पाणी ठरत नाही. बहुतेक मामा तलाव अशाच मिश्र जमिनीवर, दोन टेकड्यांमधल्या उतारावर पाळ घालून उभे केलेले आहेत. मग त्यांत पाणी कसे राहिले? दरवर्षी पावसासोबत आलेली बारीक चिकणमाती तळाशी बसत गेली, गुरांच्या पायांनी आणि पाण्याच्या दाबाने घट्ट होत गेली, आणि शंभर-दोनशे वर्षांत तलावाने स्वतःचा तळ स्वतः लिंपून घेतला. कुठे तो थर गुडघाभर आहे, कुठे वीतभर. त्याच्या खाली मुरूम.

मडके साफ करायचे म्हणून कोणी त्याचा तळ कोरून काढत नाही. पोकलेनच्या बकेटला मात्र वरचा मऊ गाळ कुठे संपतो आणि तो चिकणा थर कुठे सुरू होतो, हे कळत नाही. चालवणाऱ्यालाही ते कोणी सांगितलेले नसते.

मी पाहिलेल्या एका गावाची गोष्ट आहे. गावाचे आणि यंत्रणेचे नाव घेत नाही. तिथल्या तलावाचे काम कागदावर उत्तम झाले होते. उद्दिष्टापेक्षा जास्त माती निघाली, फोटो निघाले. पाळीजवळ खोल चर पडला, त्याच्या भिंती सरळ उभ्या. पहिल्याच पावसात तलाव काठोकाठ भरला आणि गावाने समाधान मानले. दिवाळीनंतर पाणी झपाट्याने उतरू लागले. होळीपर्यंत पाणी त्या चरात तेवढे उरले, बाकी तळ कोरडा. मी चराच्या भिंतीजवळ उतरून पाहिले. वर वीतभर राखाडी चिकणमाती, तिच्या खाली सरळ तांबडा, भुसभुशीत मुरूम. चिमटीत घेतला तर बोटांतून गळून जात होता. पाळीपलीकडच्या बांध्यांत मात्र त्या वर्षी उन्हाळ्यातही ओल होती, कारण तलावाचे पाणी खालून तिकडे जात होते.

हा हिशेब अवघड नाही. ऑक्टोबरअखेर तलावात दीड मीटर पाणी आहे असे धरू. हिवाळा-उन्हाळ्याची सरासरी काढून बाष्पीभवन दिवसाला साडेचार मिलिमीटर धरू. तळ शाबूत असेल आणि पाझर दिवसाला दोन मिलिमीटर असेल, तर रोज साडेसहा मिलिमीटर पाणी उतरते आणि तलाव जवळपास २३० दिवस टिकतो, म्हणजे पुढचा पाऊस येईपर्यंत. तळ फाटला आणि पाझर दिवसाला दहा मिलिमीटरवर गेला, तर रोज साडेचौदा मिलिमीटर जाते आणि १०३ दिवसांत, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, तलाव रिकामा होतो. दहा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी. रेताड जमिनीत पाणी तासाला तीस मिलिमीटरहून जास्त जिरू शकते, तेव्हा मी मांडलेला हिशेब सौम्यच आहे. तलाव अर्धा मीटर खोल केला म्हणून साठा वाढला असे कागद सांगतो. तलावाचे पाणी मात्र तीन-चार महिने आधीच संपलेले असते.

म्हणून आधी खड्डा. तो कसा पाहायचा, हे थोडे तपशिलाने लिहितो, कारण आपल्या विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याला हे एका उन्हाळ्यात शिकवता येते.

एप्रिल-मे महिन्यात पाणी सर्वांत खाली गेलेले असते. पाळीपासून वरच्या काठापर्यंत एक सरळ रेष धरायची, तिला काटकोनात दुसरी, आणि त्या रेषांवर काठाला, मध्ये आणि खोल भागात खड्डे घ्यायचे. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा. सगळ्यात वर भेगाळलेला गाळ निघतो, त्यात गोगलगाईंची कवचे आणि देवधानाच्या, म्हणजे तलावातल्या रानधानाच्या, वाळक्या मुळ्या. खाली मऊ, गुळगुळीत गाळ. त्याखाली कुदळ अडते. तो थर थंड असतो, निळसर राखाडी असतो आणि कित्येकदा त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. हाच तलावाचा तळ.

हा रंग लोखंडामुळे येतो. पाण्याखाली मातीतला प्राणवायू संपतो, मग तिथले जिवाणू लोखंडाचे रूप बदलतात. तांबूस लोह विरघळते आणि वाहून जाते किंवा निळसर होऊन राहते. ज्या पाणवनस्पतीचे मूळ आतपर्यंत गेलेले असते ती मात्र मुळातून प्राणवायू खाली नेते, म्हणून मुळाच्या वाटेभोवती तांबेरी रेघ उमटते. आमच्या शेतकऱ्याने धानाचे रोप उपटून त्याच्या मुळावरचा हा गंजासारखा लेप हजारदा पाहिलेला आहे. राखाडी मातीत अशा बारीक तांबूस रेघा दिसल्या, तर ती जागा दरवर्षी बराच काळ पाण्याखाली असते असे समजावे. रंग ओल्या मातीवर आणि लगेच नोंदवायचा. हवा लागली की तो निळसरपणा डोळ्यांदेखत पिवळट होऊ लागतो. संध्याकाळी कार्यालयात बसून ढेकळावरून भरलेला तक्ता काही कामाचा नाही.

इथे आमच्या भागापुरती एक खबरदारी घ्यावी लागते. मुरमातही लाल-पिवळे डाग असतात. ते फार जुने असतात, कडक गाठींच्या रूपात, धारदार कडांचे, आणि आजच्या पाण्याशी त्यांचा संबंध नसतो. जिवंत पाणथळीच्या खुणा मऊ असतात, त्यांच्या कडा विरत जातात, त्या मुळांच्या वाटेने चालतात. दुसरे असे की माती जुने विसरत नाही. तलाव फुटून वीस वर्षे कोरडा पडला असला तरी तळाचा राखाडी रंग तसाच राहू शकतो. तेव्हा रंगावरून तिथे पूर्वी पाणी होते एवढे ठरते. आज पाणी राहील की नाही, ते पाणी मोजूनच ठरवावे लागते.

पोत पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर माती भिजवायची, मळायची, अंगठा आणि बोट यांच्यामधून दाबत तिची पट्टी काढायची. पट्टी पाच सेंटिमीटरपेक्षा लांब निघाली आणि तुटली नाही, तर चिकणमाती. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली, तर तिच्या भरवशावर पाणी ठेवू नये. मग खड्ड्यात पाणी भरून ठेवायचे, माती पूर्ण भिजू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पातळी किती उतरते ते काठीवर खूण करून पाहायचे. एक खड्डा चिकण्या थरात, एक मुरमात. दोन्हींतला फरक गावातल्या कोणालाही दाखवा, खोदाई कुठे थांबवायची यावर ग्रामसभेत वेगळे भाषण करावे लागणार नाही.

राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय नागपुरातच आहे. देशभरातल्या मातीची जाण असलेली संस्था आमच्या दाराशी आहे. तिच्या शास्त्रज्ञांकडून प्रत्येक तालुक्यातल्या दोन-चार अभियंत्यांना आणि तितक्याच गावकऱ्यांना प्रशिक्षण मिळाले, तर बाहेरचा सल्लागार नेमण्याची गरज उरणार नाही.

माती पाहून झाली की पाण्याकडे यायचे. इथे आपली खाती एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला स्पष्टच लिहिले पाहिजे. तलावाचा येवा वरच्या जंगलातून आणि उतारावरून येतो. मध्ये कुठे रस्ता उंच झाला, त्याखाली एक अरुंद नळी टाकली आणि पाणी बाजूच्या नाल्याला गेले. कुठे येव्याच्या वाटेवर बांध्या झाल्या. तलाव भरत नाही याचे कारण गाळ असल्याचे मानून आपण तळ खोदतो, आणि खरे कारण अर्ध्या किलोमीटरवर रस्त्याखाली बुजलेले असते. पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन पाणलोटात फिरलेला माणूस हे एका दिवसात सांगू शकतो. आमच्याकडे १२०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यामुळे पाणी कमी पडत नाही, ते तलावात येत नाही एवढेच.

निकासाचेही तसेच. सलंगीची उंची हा तलावातला सर्वांत नाजूक आकडा आहे. तळाचा उतार दोनशेला एक असेल, तर सलंग एका फुटाने खाली आली की काठाचा जवळपास साठ मीटर रुंद पट्टा उघडा पडतो. नेमका हाच पट्टा उथळ पाण्याचा. देवधान इथे येते, मरळ आणि मांगूर इथे अंडी घालतात, सारस इथे चरतो. उलट, सलंग वाढवली तर वरच्या अंगाच्या शेतकऱ्याची बांधी बुडते आणि रात्री कोणीतरी ती फोडतो. दोन्ही बाजूंना बसवून, लेव्हल लावून, खुंट्या ठोकून आधी दाखवा की पाणी कुठवर येईल. तुडुमाचे पाणी कुठल्या पाटाने कुठे जाते आणि खालच्या तलावाला काय मिळते, तेही त्याच नकाशावर आणा. हे तलाव एकाखाली एक साखळीने बांधलेले आहेत. एकाचा निकास हाच पुढच्याचा येवा असतो.

काठ हा विषय इथे सोडवत नाही. यंत्राने काम केले की तलाव ताटलीचा हौद होतो : उभे काठ, सपाट खोल तळ. अशा पाण्यात ना वनस्पती रुजते, ना बगळा उभा राहू शकतो, ना लहान मासा लपू शकतो. गुरे घसरतात, पोरे बुडतात. शिवाय गाळाच्या सर्वांत वरच्या वीतभर थरात देवधान, कमळ आणि इतर पाणवनस्पतींचे बी-कंद झोपलेले असते. तो थर आपण सगळ्यात आधी उचलून शेतात नेऊन टाकतो. तो वेगळा काढून ठेवावा आणि काम झाल्यावर काठाच्या उतारावर परत पसरावा, एवढी एक अट अंदाजपत्रकात आली तरी पुष्कळ साधेल.

हे होऊ शकते याचा दाखला आपल्या राज्यातच आहे. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांच्यासोबत गोंदिया जिल्ह्यातल्या ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी तलावांत उतरून बेशरम ही माजलेली रानटी वनस्पती मुळासकट उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठल्या मातीत काय रुजते, किती खोलीवर काय टिकते, कुठला मासा कुठल्या वनस्पतीत राहतो, हे त्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि त्या कामात ते ज्ञानच वापरले गेले. बेशरमचा कापलेला तुकडा चिखलात पडला तरी फुटतो. यंत्र ती तोडून तलावभर पसरवते, हाताने काम करणारी बाई ती मुळापासून काढते. मजुरी बाईला द्यायची की डिझेलला, हे आपल्या अंदाजपत्रकात ठरते.

निघालेल्या गाळाचाही विचार हवा. तो बरडीवर, खरडीवर टाकला तर सोने आहे. आधीच पाणी धरून बसणाऱ्या कन्हारीवर टाकला तर निचरा आणखी बिघडतो आणि रब्बीची लाखोळी, हरभरा कुजतो. शेतकऱ्याची जमीन कुठली ते विचारून ट्रॅक्टर पाठवणे कठीण नाही.

आता कायद्याबद्दल. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांना पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहे. मामा तलाव सिंचनासाठीच बांधले गेले होते. म्हणजे ज्या तलावात सारस चरतो, कमळ फुलते, ढिवरांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, त्याला पाणथळ म्हणून संरक्षण मागायला गेले तर नियमच आडवा येतो. हे बरोबर नाही आणि केंद्राकडे याचा पाठपुरावा राज्याने करावा असे माझे मत आहे. पण तोवर हात बांधलेले नाहीत. तलावाची दुरुस्ती कशी करायची याचा शासन निर्णय आपल्याच विभागातून निघतो, आणि त्यात काय अटी घालायच्या यासाठी दिल्लीला विचारावे लागत नाही.

त्या शासन निर्णयात मला काय हवे, ते लिहितो. मातीच्या खड्ड्यांची नोंद आणि येवा-निकासाचा नकाशा जोडल्याशिवाय तांत्रिक मान्यता मिळू नये. चिकण्या थराला हात लावू नये, आणि जिथे तो फुटभरापेक्षा पातळ आहे तिथे यंत्राला मनाई असावी. तलावात रंगवलेली मापपट्टी उभारावी आणि काम सुरू होण्याआधीचे एक पूर्ण वर्ष गावातल्याच माणसाने दर आठवड्याला तिची आणि जवळच्या विहिरीची पातळी वहीत लिहावी. वर्षभर थांबलो तर निधी परत जातो, असे मला सांगितले जाईल. मग मापपट्टी आधीच्या वर्षी लावा. सात हजार तलाव एका उन्हाळ्यात होणारही नाहीत. ज्यांची पाळी आत्ता आलेली नाही त्यांच्यात आत्ता पट्टी उभी राहिली, तर पाळी येईल तेव्हा वही तयार असेल. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता पुढच्या मार्चमध्ये, तलावात पाणी किती आहे ते पाहून द्यावा. आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सरपंचाच्या सहीबरोबर मच्छीमार सहकारी संस्थेची आणि पाटाखालच्या शेतकऱ्यांची सही असावी. पाणी टिकले की नाही, हे सर्वांत आधी त्यांना कळते.

साहेब, आपण मे महिन्यात एकदा अर्जुनी मोरगाव किंवा साकोलीकडे या. उद्घाटन ठेवू नका, मंडप नको. ज्या तलावाचे काम यंदा मंजूर झाले आहे त्याच्या तळात आपल्या अभियंत्याला एक खड्डा खणायला सांगा आणि चिकणमाती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो, हे त्याला आपल्यासमोर सांगू द्या. त्याला ते सांगता आले नाही, तर त्या तलावाचा कार्यारंभ आदेश थांबवा.

आपला,
झाडीपट्टीतला एक निवृत्त मृदा सर्वेक्षक